कागदाविना भरणारी महासभा

मोठ्या धर्मसंस्थांचा कारभार केवळ वरिष्ठ धर्मगुरूंच्या आदेशावर चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. ख्रिस्ती धर्मातील अनेक पंथांच्या बाबतीत वस्तुस्थिती वेगळी आहे. तेथे निवडून आलेल्या प्रतिनिधींची मोठी सभा ठरावीक कालावधीने भरते. तिच्यापुढे प्रस्ताव मांडले जातात, दुरुस्त्या सुचवल्या जातात, मतदान होते आणि बहुमताचा निर्णय संपूर्ण चर्चच्या वतीने घेतलेला निर्णय मानला जातो. संसदेच्या कामकाजाशी साम्य असलेल्या या सभांचे काम शतकानुशतके कागदावर चालत आले. गेल्या सुमारे दोन दशकांत मात्र अहवालांचे गठ्ठे, दुरुस्त्यांचे कागद आणि मतपत्रिका यांची जागा संगणक, टॅब्लेट आणि हातात मावणारी मतदानयंत्रे घेऊ लागली आहेत.

हा बदल केवळ कागद आणि छपाईचा खर्च वाचवण्यापुरता मर्यादित नाही. सभागृहातील प्रत्येक प्रतिनिधीला एकाच वेळी सारखीच माहिती मिळते का, आणि यंत्रावर नोंदले गेलेले प्रत्येक मत खरोखर त्याच प्रतिनिधीचे आहे का, हे दोन प्रश्न या परिवर्तनाच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या चर्चना वेगवेगळ्या प्रकारे, आणि काही वेळा मोठी किंमत मोजून, शोधावी लागली आहेत.

महासभा म्हणजे काय?

अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्च यू.एस.ए. हे या बदलाचे एक ठळक उदाहरण आहे. या परंपरेत बिशप नसतात. स्थानिक मंडळी, त्यावर अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, त्यावर सिनड आणि सर्वांत वर महासभा, अशी चढती रचना असते. अमेरिकेतील पहिली महासभा १७८९ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरली. यादवी युद्धाच्या काळात उत्तर आणि दक्षिण असे विभागले गेलेले प्रवाह १९८३ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि सध्याचे चर्च अस्तित्वात आले. पूर्वी दरवर्षी भरणारी ही महासभा २००४ पासून दर दोन वर्षांनी भरते.

महासभेतील प्रतिनिधींपैकी निम्मे पाळक असतात, तर निम्मे मंडळ्यांनी निवडलेले वडील, म्हणजेच शिक्षक, शेतकरी, वकील, निवृत्त कर्मचारी अशा सर्वसामान्य व्यवसायांतील माणसे. दोघांच्या मताचे मूल्य सारखेच असते. याशिवाय तरुण सल्लागार प्रतिनिधी आणि धर्मशास्त्राचे विद्यार्थीही सभागृहात असतात. मुख्य सभेत त्यांचे मत केवळ सल्लादायी असते. ते आधी घेतले जाते आणि त्यांचा कल काय आहे हे पाहून मग प्रतिनिधी आपले मत देतात.

या परंपरेशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. मिरज येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कार्यातून उभे राहिले. मुंबईतील विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते डॉ. जॉन विल्सन १८७० मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्ष होते. पुढे भारतातील प्रेस्बिटेरियन परंपरेतील अनेक मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाल्या. या चर्चचीही सर्वोच्च सभा सिनड याच नावाने ओळखली जाते.

कागदाचे गठ्ठे

कागदावर चालणाऱ्या महासभेची तयारी अधिवेशनाच्या कित्येक महिने आधी सुरू होई. प्रेस्बिटरींकडून आलेले प्रस्ताव, त्यांची कारणमीमांसा, चर्चच्या विविध विभागांचे अहवाल, हिशेब आणि अंदाजपत्रक हे सारे छापून प्रतिनिधींच्या घरी पाठवले जाई. चर्चच्या घटनेत बदल सुचवणारे प्रस्ताव अधिवेशनाच्या किमान १२० दिवस आधी सादर झाले पाहिजेत, असा प्रेस्बिटेरियन चर्चचा नियम आहे. दूरच्या गावातील प्रतिनिधीलाही विषय वाचून समजून घेण्यास अवधी मिळावा, हा या मुदतीमागील हेतू होय.

खरी धावपळ प्रत्यक्ष अधिवेशनात होत असे. प्रतिनिधी प्रथम लहान समित्यांमध्ये विभागले जातात. प्रत्येक समिती आपल्याकडे आलेल्या विषयांवर चर्चा करून मुख्य सभेला शिफारस करते. समित्यांचे काम संध्याकाळी संपले की त्यांचे अहवाल रातोरात टंकलिखित करायचे, शेकडो प्रती काढायच्या आणि सकाळी कामकाज सुरू होण्यापूर्वी त्या प्रत्येक आसनावर ठेवायच्या, असा क्रम असे. चर्चेच्या ओघात दुरुस्ती आली की ती लेखी स्वरूपात मंचावर द्यावी लागे. सभागृहात मागे बसलेल्या प्रतिनिधीला ती केवळ ऐकून मत द्यावे लागे.

प्रमाण लक्षात येण्यासाठी एक साधा हिशेब करता येईल. साडेसहाशे प्रतिनिधींना प्रत्येकी एक हजार पाने द्यायची म्हटली, तर साडेसहा लाख पाने छापावी लागतात. त्यात सल्लागार, निरीक्षक, पत्रकार आणि कर्मचारी यांच्या प्रती वेगळ्या. त्यातील बहुतेक कागद आठवडाभरात रद्दीत जातो.

युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या सर्वसाधारण परिषदेची व्याप्ती याहून मोठी. २०१६ मध्ये पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेसाठी ८६४ प्रतिनिधींची संख्या निश्चित करण्यात आली होती. अमेरिकेखेरीज आफ्रिका, युरोप आणि फिलिपिन्समधील प्रतिनिधीही त्यात असल्याने कामकाजाची कागदपत्रे इंग्रजीबरोबर फ्रेंच, पोर्तुगीज आणि स्वाहिली भाषांतही द्यावी लागतात.

संगणकावरील कामकाज

प्रेस्बिटेरियन चर्चने हे सारे साहित्य टप्प्याटप्प्याने महाजालावर आणले. त्यासाठी विकसित केलेली पीसी-बिझ ही प्रणाली पुढे महासभेच्या कामकाजाचा कणा ठरली. तिची रचना समजण्यास सोपी आहे. प्रत्येक विषयाला समितीनिहाय क्रमांक दिला जातो. त्या क्रमांकावर गेले की मूळ प्रस्ताव, तो मांडणाऱ्या प्रेस्बिटरीची कारणमीमांसा, त्याला पाठिंबा देणाऱ्या अन्य प्रेस्बिटरींची नावे, घटनाविषयक सल्लागार समितीचे मत, समितीने केलेली शिफारस आणि अखेरीस महासभेचा निर्णय, हे सारे एकाच ठिकाणी वाचावयास मिळते.

यातून तीन फायदे झाले. पहिला वेगाचा. समितीने दुपारी संमत केलेला मजकूर प्रतिनिधींना त्याच दिवशी पडद्यावर दिसू लागला. दुसरा अचूकतेचा. कागदी व्यवहारात एकाच ठरावाच्या तीन-चार आवृत्त्या सभागृहात फिरत असत आणि आपल्या हातातील प्रत सुधारित आहे की जुनी, याबद्दल संभ्रम होई. मध्यवर्ती प्रणालीत चर्चेसाठी असलेला मजकूर एकच असतो.

तिसरा फायदा सभागृहाबाहेरच्या लोकांचा आहे, आणि कदाचित तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी छापील अहवाल प्रामुख्याने प्रतिनिधींच्या हाती असत. मंडळीतील सामान्य सभासदाला निर्णय कळे, पण तो कोणत्या मुद्द्यांवर झाला हे क्वचितच कळे. आता घरी बसलेला सभासदही प्रस्ताव वाचू शकतो, थेट प्रक्षेपणातून चर्चा ऐकू शकतो आणि आपल्या भागातील प्रतिनिधीला त्याबद्दल विचारू शकतो.

अडचणीही कमी नव्हत्या. शेकडो लोक एकाच सभागृहात एकाच क्षणी तोच मजकूर उघडतात, तेव्हा बिनतारी जोडणीवर मोठा ताण येतो. जोडणी खंडित झाली तर चर्चा पुढे न्यावी की थांबवावी, हा प्रश्न अध्यक्षांपुढे उभा राहतो. प्रतिनिधींमध्ये ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण मोठे असते. त्यांच्यापैकी अनेकांना पडद्यावर वाचणे त्रासाचे वाटते. कागदावर समासात टिपण करीत वाचण्याची आयुष्यभराची सवय एका अधिवेशनात बदलत नाही. म्हणूनच कागदविरहित कामकाजासाठी प्रशिक्षण, मदतनीस आणि जोडणी तुटल्यास वापरावयाची पर्यायी व्यवस्था यांची तरतूद यंत्रांइतकीच आवश्यक ठरते.

दोन मतांचा फरक

कामकाजाच्या कागदपत्रांपेक्षाही नाजूक विषय मतदानाचा आहे. पूर्वी हात वर करून, उभे राहून किंवा मतपत्रिकेद्वारे मतदान होत असे. हात मोजताना चूक होण्याची शक्यता असे आणि मतपत्रिका मोजण्यास बराच वेळ लागे. मतदानयंत्रामुळे काही सेकंदांत आकडे पडद्यावर येऊ लागले.

या अचूकतेचे महत्त्व पिट्सबर्ग येथे २०१२ मध्ये भरलेल्या प्रेस्बिटेरियन महासभेत दिसून आले. इस्रायलच्या ताब्यातील पॅलेस्टिनी प्रदेशातील कारवायांशी संबंध असल्याच्या कारणावरून तीन कंपन्यांमधील चर्चची गुंतवणूक काढून घ्यावी, अशी समितीची शिफारस होती. तिच्या जागी त्या प्रदेशात विधायक गुंतवणूक करण्यास सांगणारा अल्पमताचा अहवाल विचारात घ्यावा का, यावर मतदान झाले. अनुकूल मते ३३३, प्रतिकूल ३३१ आणि तटस्थ २, असा निकाल लागला. केवळ दोन मतांनी सभेची दिशा बदलली. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये डेट्रॉइट येथील महासभेने गुंतवणूक काढून घेण्याचा निर्णय ३१० विरुद्ध ३०३ मतांनी घेतला.

जगभरातील वृत्तपत्रांनी दखल घेतलेले हे निर्णय इतक्या निसटत्या फरकाने झाले. अशा वेळी हरलेल्या बाजूचा मोजणीवर विश्वास असणे अत्यावश्यक असते. आपली बाजू कमी पडली, हे मान्य करणे कठीण असले तरी शक्य असते. आपले मत मोजलेच गेले नाही, ही शंका मात्र संस्थेला आतून पोखरते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये घटनादुरुस्तीचा निर्णय केवळ महासभेत होत नाही. महासभेने संमत केलेली दुरुस्ती सर्व प्रेस्बिटरींकडे जाते आणि त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी मान्यता दिल्यावरच ती लागू होते. विवाहाच्या व्याख्येतील बदल २०१४ च्या महासभेने ४२९ विरुद्ध १७५ मतांनी संमत केला. तो १७१ पैकी ८६ प्रेस्बिटरींची मान्यता मिळाल्यावर, मार्च २०१५ मध्ये निश्चित झाला. सभागृहातील निकाल काही सेकंदांत येत असला, तरी विचारविनिमयाचा संथ वेग घटनेने असा जपला आहे.

यंत्राला माणूस ओळखता येतो का?

मतदानयंत्र मत अचूक मोजते. परंतु ते कोणाच्या हातात आहे, हे त्याला कळत नाही. युनायटेड मेथडिस्ट चर्चला याचा कटू अनुभव २०१९ मध्ये आला.

समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींची पाळक म्हणून नियुक्ती या प्रश्नांवर या चर्चमध्ये अनेक दशके मतभेद होते. ते सोडवण्यासाठी फेब्रुवारी २०१९ मध्ये सेंट लुई येथे विशेष परिषद बोलावण्यात आली. विद्यमान निर्बंध कायम ठेवून अधिक कठोर करणारी योजना ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी संमत झाली. चर्चमधून बाहेर पडू इच्छिणाऱ्या मंडळ्यांना आपली मालमत्ता घेऊन वेगळे होता यावे, यासाठीचा नियमही त्याच परिषदेपुढे होता. त्या नियमाचा एक मसुदा दुसऱ्याच्या जागी स्वीकारावा का, यावरील मतदानात ४०२ विरुद्ध ४०० असा निकाल लागला.

परिषद संपल्यानंतर काही मतांविषयी शंका उपस्थित झाल्या आणि चौकशी करण्यात आली. अनुपस्थित प्रतिनिधींच्या नावाने किमान चार अपात्र व्यक्तींनी मतदान केल्याचे त्यात आढळले. चार मते आणि दोन मतांचा फरक, हे गणित पाहता परिषदेच्या व्यवस्थापन आयोगाने ते मतदान रद्दबातल ठरवले. पुढे हा विषय चर्चच्या सर्वोच्च न्यायमंडळापुढे गेला. मसुदा बदलल्यानंतर मूळ नियमावर स्वतंत्र मतदान झाले होते आणि त्यातील फरक पुरेसा मोठा होता. त्यामुळे न्यायमंडळाने नियम वैध असल्याचा निर्वाळा दिला.

या नियमाचे परिणाम दूरगामी ठरले. त्याची मुदत २०२३ च्या अखेरीस संपेपर्यंत अमेरिकेतील ७ हजार ६०० हून अधिक मंडळ्या त्याआधारे चर्चमधून बाहेर पडल्या. ज्या नियमाने एवढी मोठी फूट अधिकृत मार्गाने घडवून आणली, त्याच्या वाटचालीतील एका टप्प्यावर यंत्र नेमके कोणाच्या हातात होते, हा प्रश्न कायमचा चिकटून राहिला. दोष यंत्राच्या मोजणीत नव्हता. प्रतिनिधीची ओळख पटवून मगच यंत्र हाती देणे आणि अनुपस्थितीत ते परत घेणे, या मानवी व्यवस्थेत तो होता.

महामारी आणि दूरस्थ सभा

कोविड महामारीने या प्रवासाला अनपेक्षित वेग दिला. बाल्टिमोर येथे भरणारी प्रेस्बिटेरियन चर्चची २०२० ची महासभा रद्द न करता ती पूर्णपणे महाजालावर घेण्यात आली. कामकाज अत्यावश्यक विषयांपुरते मर्यादित ठेवून उर्वरित प्रस्ताव पुढील महासभेकडे सोपवण्यात आले. चर्चच्या इतिहासातील ती पहिली संपूर्ण दूरस्थ महासभा होती.

त्यानंतरचे दोन प्रयोग उल्लेखनीय आहेत. २०२२ मध्ये समित्यांच्या बैठका लुईव्हिल येथे प्रत्यक्ष झाल्या आणि मुख्य सभा दूरस्थ पद्धतीने भरली. २०२४ मध्ये नेमके उलट करण्यात आले. समित्या दूरस्थ पद्धतीने भरल्या आणि मुख्य सभेसाठी प्रतिनिधी सॉल्ट लेक सिटी येथे एकत्र आले. कोणते काम पडद्यावर होऊ शकते आणि कोणत्या कामासाठी माणसांनी समोरासमोर बसले पाहिजे, याचा शोध अद्याप संपलेला नाही, हेच यावरून दिसते.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न कायद्याच्या अंगाने पुढे आला. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने संमत केलेले आणि संसदेने मान्य केलेले नियम कायद्याइतकेच प्रभावी असतात. त्यामुळे दूरस्थ बैठकीलाही कायदेशीर आधार हवा होता. तो मिळवण्यासाठी सप्टेंबर २०२० मध्ये मर्यादित सदस्यांना लंडन येथे प्रत्यक्ष एकत्र यावे लागले. पडद्यावर भेटण्याची परवानगी मिळवण्यासाठी आधी समोरासमोर भेटण्याची ही वेळ होती. त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये सिनड दूरस्थ पद्धतीने भरली.

समान संधीचा प्रश्न

युनायटेड मेथडिस्ट चर्चने मात्र वेगळा निर्णय घेतला. त्यांची २०२० ची परिषद महामारीमुळे पुढे ढकलण्यात आली. ती महाजालावर घेता येईल का, हे तपासण्यासाठी एक अभ्यासगट नेमण्यात आला. पूर्ण परिषद दूरस्थ पद्धतीने घेणे व्यवहार्य नाही, असे २०२१ च्या प्रारंभी जाहीर करण्यात आले. अनेक देशांतील प्रतिनिधींना विश्वासार्ह जोडणी उपलब्ध नसणे, वेळेतील मोठी तफावत आणि मतदानाची सुरक्षितता ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

अमेरिकेतील प्रतिनिधी घरातील वेगवान जोडणीवर सकाळी नऊ वाजता सभेला बसेल, तेव्हा फिलिपिन्समधील प्रतिनिधीकडे रात्र झालेली असेल. आफ्रिकेतील एखाद्या प्रतिनिधीला त्यासाठी वीज आणि जोडणी असलेल्या शहरापर्यंत प्रवास करावा लागेल. नियमाने सर्वांचे मत सारखे असले, तरी ते देण्याची संधी अशा व्यवस्थेत सारखी राहत नाही.

यानंतरचा प्रस्ताव विशेष बोलका होता. बिशपांनी ८ मे २०२१ रोजी एक लहान दूरस्थ अधिवेशन बोलावले. नियम तात्पुरते स्थगित करून १२ विषयांवर टपालाने कागदी मतपत्रिका पाठवण्यास अनुमती मिळवणे, एवढाच त्याचा हेतू होता. महाजालावरील सभेने कागदावरील मतदानाला वाट करून द्यावी, असा हा मार्ग होता. पुढे ते अधिवेशनही रद्द करण्यात आले. अखेरीस परिषद २०२४ मध्ये शार्लट येथे प्रत्यक्षच भरली. २०१९ मध्ये कठोर करण्यात आलेले निर्बंध तेथे मागे घेण्यात आले. समलिंगी पाळकांवरील बंदी उठवण्याच्या बाजूने ६९२ आणि विरोधात ५१ मते पडली.

मत उघड की गुप्त?

डिजिटल मतदानाने आणखी एक प्रश्न पुढे आणला आहे. यंत्र प्रत्येक मताची स्वतंत्र नोंद ठेवू शकते. मग ती नोंद जाहीर करावी का?

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये महिलांना बिशप होण्याची मुभा देणाऱ्या प्रस्तावावर २० नोव्हेंबर २०१२ रोजी मतदान झाले. बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशा तीनही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आवश्यक होते. बिशपांमध्ये ४४ विरुद्ध ३ आणि पाळकांमध्ये १४८ विरुद्ध ४५ अशी मते पडली. सामान्य सभासदांमध्ये १३२ विरुद्ध ७४ असा निकाल लागला. सहा मते कमी पडल्याने प्रस्ताव फेटाळला गेला. कोणत्या सदस्याने कसे मत दिले, याची यादी त्यानंतर प्रसिद्ध झाली. मतदारांना आपल्या प्रतिनिधीला जाब विचारता आला, पण त्याचबरोबर सदस्यांवरील दडपणही वाढले. जुलै २०१४ मध्ये नव्या स्वरूपातील प्रस्ताव तीनही सभागृहांत आवश्यक बहुमताने संमत झाला.

रोमन कॅथलिक चर्चची निर्णयप्रक्रिया भिन्न असली, तरी तेथेही यंत्रांचा वापर वाढला आहे. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत दोन हजारांहून अधिक धर्माध्यक्षांची मते यंत्राने वाचता येणाऱ्या कार्डांवर घेतली जात. २०२३ आणि २०२४ मध्ये व्हॅटिकन येथे झालेल्या सिनडमध्ये सदस्य गोल टेबलांभोवती बसले होते आणि त्यांच्यासमोर टॅब्लेट होते. अंतिम दस्तऐवजाच्या १५५ परिच्छेदांवर स्वतंत्र मते घेण्यात आली. प्रत्येक परिच्छेदाला मिळालेली मते प्रसिद्ध करण्यात आली, सदस्यांची वैयक्तिक मते मात्र जाहीर झाली नाहीत. कोणत्या मुद्द्यावर किती मतभेद आहेत, हे जगाला कळले आणि सदस्यांची गुप्तताही राखली गेली.

भारतीय अनुभव

भारतीय वाचकांना यातील अनेक प्रश्न ओळखीचे वाटतील. लोकसभेत स्वयंचलित मतनोंदणी १९५७ पासून वापरात आली. हिमाचल प्रदेश विधानसभेने २०१४ मध्ये कागदविरहित कामकाज सुरू केले. राष्ट्रीय ई-विधान प्रणालीचा पूर्ण अवलंब करणारी नागालँड ही २०२२ मध्ये पहिली विधानसभा ठरली. केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रथमच छापील प्रतींविना सादर झाला.

तरीही कागद पूर्णपणे हद्दपार झालेला नाही. एकत्रित निवडणुकांविषयीचे विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मतदान झाले. यंत्रावर प्रथम २२० विरुद्ध १४९ असे आकडे दिसले. मत नोंदवू न शकलेल्या आणि दुरुस्ती करू इच्छिणाऱ्या सदस्यांना चिठ्ठ्या देण्यात आल्या. त्या मोजल्यावर अंतिम निकाल २६९ विरुद्ध १९८ असा लागला. येथे कागद हा मागासलेपणा नव्हता. यंत्राने न टिपलेले मत वाया जाऊ नये, यासाठीची ती हमी होती.

नोंदींचे जतन

सभेचा निर्णय होतो, प्रतिनिधी घरी परततात, पण नोंद टिकावी लागते. प्रेस्बिटेरियन चर्चची जुनी इतिवृत्ते फिलाडेल्फिया येथील प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत जतन केलेली आहेत. ही संस्था १८५२ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेतील पहिल्या प्रेस्बिटरीचे इतिवृत्त १७०६ पासून उपलब्ध आहे. मात्र त्या वहीचे पहिलेच पान हरवलेले आहे. त्यामुळे ती प्रेस्बिटरी नेमकी कोणत्या दिवशी स्थापन झाली, हे निश्चितपणे सांगता येत नाही.

कागद टिकाऊ असला तरी अविनाशी नाही, हे त्या हरवलेल्या पानावरून समजते. डिजिटल नोंदींचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. त्यांच्या प्रती सहज काढता येतात, परंतु त्या वाचण्यासाठी लागणारी आज्ञावली आणि साधने काही वर्षांतच कालबाह्य होतात. तीनशे वर्षांपूर्वीची वही आजही उघडून वाचता येते. आजची संगणकीय नोंद तीनशे वर्षांनी वाचता यावी, असे वाटत असेल तर ती वेळोवेळी नव्या स्वरूपात उतरवून ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे.

या सर्व अनुभवांचा सारांश असा की, कागदी व्यवहारात सभेच्या विश्वासार्हतेची काही कामे कागद न बोलता करीत असे. प्रत्येकाच्या हाती तीच प्रत पडे, मतपत्रिका पुन्हा मोजता येई आणि इतिवृत्त कपाटात राही. कागद काढून टाकला की ही सारी कामे जाणीवपूर्वक उभी करावी लागतात. प्रतिनिधीची ओळख पटवणे, यंत्र बिघडल्यास पर्याय ठेवणे, दूरच्या सदस्याला जवळच्या सदस्याइतकीच संधी देणे आणि नोंद पुढील पिढ्यांसाठी जपणे, ही ती कामे होत. ज्या सभा ती कामे नीट करतील, त्यांच्या निर्णयापुढे दोन मतांनी हरलेला प्रतिनिधीही मान तुकवील.